नकाशावर कायमचं बंद

दुकानाचं शटर वर होतं, टेबलावरचा दिवा लागलेला होता आणि सून एका शिलाई मशीनचं पोट उघडून खालच्या दोऱ्याच्या शटलमध्ये अडकलेली दोऱ्याची गुठळी चिमट्याने काढत होती. इतक्यात शेजारचा चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमचं दुकान बंद झालं म्हणे."

"कोण म्हणतं?"

"नकाशा म्हणतो."

त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. गल्ली बरोबर होती, वळण बरोबर होतं, दुकानाचं नावही बरोबर होतं, आणि नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: कायमचे बंद. सुनेने चिमटा खाली ठेवला. ज्या दुकानात आपण बसलोय ते दुकान जगाच्या लेखी उरलेलंच नाही, हे वाचून माणसाने करायचं तरी काय? तिने उठून दाराबाहेर जाऊन एकदा पाहून घेतलं. दुकान होतं.

"कधीपासून आहे हे असं?"

"मला काय ठाऊक? आत्ता एक बाई चष्म्याची काडी बसवायला आल्या होत्या. म्हणाल्या, इथे मशीनवाले होते ना, ते गेले वाटतं. मी म्हटलं, अहो, भिंतीपलीकडे दिवसभर ठोकाठोक चालते, ती मग कोणाची?" चष्मेवाल्याला स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत आधी हसायची सवय होती. "बघा वहिनी, माझ्याकडे लोक दिसत नाही म्हणून येतात. तुमच्याकडे दिसत नाही म्हणून येत नाहीत."

सून हसली नाही. तिला हसायचं सुचतही नव्हतं. गेल्या वर्षभरात दुकानात येणारी मशीनं कमी कमी होत गेली होती, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस तर ती नुसती टेबल पुसून घरी जात होती. गावाबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्याचा मॅनेजर तिच्या मागे लागला होता. शंभर मशीनं एका रांगेत, आणि त्या रांगेवर लक्ष ठेवायला त्याला एक हुशार माणूस हवं होतं. एक तारखेपर्यंत सांगा, म्हणाला होता. एक तारखेला पाच आठवडे उरले होते. ती गेली की दुकान मिटलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुकान सासऱ्यांचं. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि त्यांचे हात आता इतके थरथरत की बारीक स्क्रू त्यांच्या बोटांत ठरत नसे.

कारखान्यात एकदा जाऊन ती पाहूनही आली होती. तिथे मशीन बिघडलं की भाग काढायचा, फेकायचा, नवा बसवायचा. का बिघडलं, हे कोणी विचारत नव्हतं. सुनेला तेच विचारायला आवडायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि अकरा वर्षांत आप्पांनी तिला असं तयार केलं होतं की गल्लीत तिला कोणी नावाने हाकच मारत नसे. गिऱ्हाइकं विचारायची, "आप्पांची सून आहे का? तिच्याच हातात द्यायचंय."

वर्षभर तिची समजूत होती की काळ बदलला. लोक आता दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. आज कळलं ते वेगळंच होतं. लोकांना आपण नकोसे झालेलो नाही, लोकांना आपण सापडत नाही. तिला एकाच वेळी संतापही आला आणि हायसंही वाटलं. नकोसं झालेल्याला इलाज नसतो. न सापडणाऱ्याला असतो.

"कसं उघडायचं हे?" तिने पदर खोचत विचारलं.

"सांगतो," चष्मेवाला म्हणाला, "पण नकाशावाल्यांची तऱ्हा सरकारी नाही, त्याहून वाईट आहे. तिथे माणूसच नसतो."

आप्पा मागच्या बाजूला स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांचं मत ठरलेलं होतं. "हातच्या काकणाला आरसा कशाला? काम चांगलं असलं की माणूस शोधत येतो."

"येतो हो आप्पा," सून म्हणाली. "पण शोधतो कुठे? फोनमध्ये. आणि फोन सांगतो, मेले ते."

"मेले म्हणाला?"

"कायमचे बंद म्हणाला. वेगळं काय?"

आप्पांची एक खोड होती, आणि तीच त्यांची कीर्तीही होती. मशीन न उघडता, नुसत्या आवाजावरून ते रोग सांगत. कोणी फोन केला तर म्हणत, "मशीनजवळ फोन धरा आणि चालवा." मग डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "सुई उलटी लावलीय. काढा, सपाट बाजू मागे करा. इकडे यायची काही गरज नाही." गिऱ्हाइकाची फेरी वाचायची आणि दुकानाचं गिऱ्हाईक जायचं. सून कपाळावर हात मारून घ्यायची. पण आप्पांना खोटं बोलता येत नव्हतं. नुसतं आवडत नव्हतं असं नाही, येतच नव्हतं. पोहता न येणारी माणसं असतात तसं.

त्याच संध्याकाळी सुनेने नकाशावाल्यांना कळवलं की दुकान चालू आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं: दुकान तुमचंच आहे हे दाखवा. व्हिडिओ पाठवा. त्यात गल्ली दिसली पाहिजे, पाटी दिसली पाहिजे आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कुलूप उघडताना दिसला पाहिजेत.

नवऱ्याने कामावर जायच्या आधी सकाळी फोन धरला. आप्पांनी केस विंचरले, धुतलेला शर्ट घातला आणि पाटीखाली असे ताठ उभे राहिले की जणू पाटीला त्यांचाच आधार आहे. सुनेने कुलूप उघडलं, शटर वर ढकललं, आतली मशीनं दाखवली. व्हिडिओ गेला. तीन दिवसांनी परत आला: पाटी वाचता येत नाही.

त्यात खोटं काही नव्हतं. पाटीवरचा रंग उडून दुकानाच्या नावातली निम्मी अक्षरं कधीच पुसली गेली होती. गल्लीतल्या लोकांना पाटी वाचायची गरज नव्हती, म्हणून गल्लीतल्या कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. सुनेने रंगाचे दोन डबे आणले, टेबलावर स्टूल चढवलं आणि स्वतः वर चढून पाटी रंगवली. खालून चष्मेवाला सूचना करत होता, "जरा डावीकडे झुकलंय." ती म्हणाली, "तुमचाच चष्मा झुकलाय." पाटी वाळल्यावर दुसरा व्हिडिओ गेला, आणि बाराव्या दिवशी लाल अक्षरं पुसली गेली. सुनेने तो फोन आप्पांना दाखवला, नवऱ्याला दाखवला, चष्मेवाल्याला दाखवला, आणि मग काहीच कारण नसताना एकटीच परत एकदा पाहिला.

त्या आठवड्यात तीन अनोळखी माणसं नकाशा पाहत पाहत आली. पडदे शिवणारा एक माणूस आला, एक निवृत्त शिक्षिका आली, आणि नाटकाचे कपडे शिवणारी एक मुलगी आली, ती तर म्हणाली, "मी वर्षभर शोधतेय हो तुम्हाला." सुनेला वाटलं, जमलं. नवव्या दिवशी पाहिलं तर पुन्हा लाल अक्षरं. कायमचे बंद.

आता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. यंत्र आपोआप असं कशाला करेल? कोणीतरी करतंय. आणि कोण करतंय हे कळायला फार लांब जायला नको होतं. मुख्य रस्त्यावर नव्या मशीनांची शोरूम होती. काचेचा दरवाजा, आत थंडगार, भिंतीवर हसणाऱ्या बायकांची चित्रं. आपलं दुकान बंद पडलं तर फायदा कोणाचा? ती तशीच उठली आणि हाताला तेल लागलेलं असताना त्या काचेच्या दरवाज्यातून आत गेली.

"माझं दुकान बंद करायचा उद्योग तुम्ही करताय का?" तिने सरळच विचारलं.

शोरूमवाला टाय लावलेला, घाबरट माणूस होता. त्याने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या काउंटरकडे. "ताई, मी? अहो, जुनं मशीन घेऊन कोणी आलं तर मी तुमच्याकडे पाठवतो. माझ्याकडे जुन्याचं काम करणारा माणूसच नाही. पण ते लोक फोनमध्ये पाहतात आणि म्हणतात, अहो, ते तर बंद झालं. मग नवं घेतात. मी काय करू?"

त्याने खणातून कागदाचा एक चिटोरा काढून दाखवला. त्यावर त्याच्याच अक्षरात सुनेच्या दुकानाचा पत्ता लिहिलेला होता, गिऱ्हाइकांना दाखवायला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली सून तिथे उभ्या उभ्या लाजली. तिने माफी मागितली, काउंटरवर पडलेला तेलाचा डाग पदराने पुसला आणि परत आली.

तिने पुन्हा अर्ज केला. उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ती चष्मेवाल्याकडे जाऊन बसली.

"तुमच्याकडे लोक काय शोधत येतात?"

"कोणी 'नेत्रतपासणी' शोधत नाही वहिनी. 'जवळचं धूसर दिसतं' असं शोधतात. लोक आपलं दुखणं लिहितात. औषधाचं नाव त्यांना ठाऊक असतं तर ते तुमच्या-माझ्याकडे कशाला आले असते?"

सुनेने नकाशावर आपल्या दुकानाखाली काय लिहिलंय ते पाहिलं. 'शिलाई यंत्रांची दुरुस्ती व सुटे भाग.' हे वाक्य तिनेच लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला ते फार भारदस्त वाटलं होतं. अकरा वर्षांत एकही गिऱ्हाईक दारात येऊन 'यंत्र' म्हणालं नव्हतं.

ती वही घेऊन आप्पांसमोर बसली. "आप्पा, लोक येतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतात? तुम्ही काय समजता ते नको. ते काय बोलतात ते सांगा."

आप्पांना आधी हा पोरखेळ वाटला. पण चाळीस वर्षांची गाऱ्हाणी त्यांच्या कानांत साठलेली होती, आणि एकदा सुरू झाल्यावर ते थांबेनात. खालून दोऱ्याचा गुंता होतो. वरचा दोरा सारखा तुटतो. नीट चालतं, पण जाड कापडावर आलं की टाके सोडतं. पायडल जड झालंय. कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी शिवत बसतं. नवऱ्याने तेल घातलं आणि तेव्हापासून चालतच नाही.

"हे शेवटचं पण लिहू?"

"लिही. त्यातले निम्मे तर तेच असतात. खोबरेल घालतात गं."

सुनेने सगळं जसंच्या तसं नकाशावर लिहिलं, आणि प्रत्येक गाऱ्हाण्याखाली आप्पा सांगतील तो उपाय एका ओळीत. जिथे घरच्या घरी जमण्यासारखं होतं तिथे तसं लिहिलं, कारण आप्पा दुसरं काही लिहू देईनात. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे तिला पटलं होतं. आता गहू होते, आणि बोलायलाही ती शिकली होती.

चार दिवसांनी दुकान नकाशावर उघडलं. पाचव्या दिवशी बारा वाजता तिने पाहिलं तेव्हा उघडं होतं, आणि तीन वाजता पाहिलं तर बंद. एक तारखेला चार दिवस राहिले होते.

पण या वेळी एक गोष्ट तिच्या हाती लागली. बारा आणि तीनच्या मध्ये. म्हणजे जो कोणी हे करतो तो दुपारी करतो. रोज एक ते दोन दुकान बंद असायचं. ती घरी जाऊन मुलीला शाळेतून आणून जेवू घालायची, आणि आप्पा शटर खाली ओढून आतच डबा खायचे. त्याच वेळी कोणीतरी दारात येत असणार, खाली ओढलेल्या शटरचा फोटो काढत असणार आणि नकाशावाल्यांना पाठवत असणार. तिने पुन्हा अर्ज पाठवला, दुसऱ्या दिवशी मुलीला आणायला शेजारणीला सांगितलं आणि ती घरी गेलीच नाही. शटर खाली ओढून, त्याच्या फटीला डोळा लावून, हातात फोन घेऊन पहाऱ्याला बसली.

"कशाला उपाशी बसतेस?" आप्पांनी मागून विचारलं.

"चोर पकडतेय."

"बरं. मी जेवून घेतो मग."

सव्वा वाजला. गल्लीतून एक सायकल गेली. एक मांजर आलं, शटरसमोर बसलं, गेलं. दीड वाजता मागे फोन टिंग वाजला. आप्पांनी हात धुतले, पुसले, चष्मा चढवला.

"आला," ते म्हणाले.

सून झटकन फटीला चिकटली. "कुठे? मला दिसत नाही."

"बाहेर नाही गं. इथे. रोज दीडला येतो."

ती मागे वळली. आप्पांच्या हातात नवऱ्याचा जुना फोन होता. त्यावर एक प्रश्न उमटलेला होता: तुम्ही या ठिकाणी आहात असे दिसते. हे दुकान सध्या उघडे आहे का? आप्पांनी मान वर करून खाली ओढलेल्या शटरकडे नीट पाहिलं. मग थरथरतं बोट सावकाश नेलं आणि दाबलं: नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण सुनेने शेकडो वेळा ऐकली होती. ती अशी छातीत येऊन लागते हे तिला त्या दिवशी कळलं.

"आप्पा! काय केलंत हे?"

"काय केलं? शटर खाली आहे. बंद आहे म्हणून सांगितलं."

"रोज सांगता?"

"रोज. तो रोज विचारतो. उत्तर न देणं बरं दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष होईल. हा फोन मला दिला तेव्हापासून."

वर्षभर रोज एक माणूस दुकानातच बसून सांगतोय की दुकान बंद आहे. नकाशाने तरी दुसरं काय समजायचं होतं? सुनेचा आवाज चढला. तिने पाटी सांगितली, व्हिडिओ सांगितले, शोरूमवाल्यापुढे झालेली शोभा सांगितली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, आप्पा! मी जगाशी भांडत सुटले आणि दुकान बंद करणारे तुम्हीच?"

आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. फोन त्यांनी अलगद टेबलावर ठेवला. "मला वाटलं, दुपारचीच चौकशी करतो. तेवढ्याचंच उत्तर दिलं मी." मग म्हणाले, "एक-दोनदा पुढचंही विचारलं होतं. कायमचं बंद झालंय का, म्हणून."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"'माहीत नाही' असं एक बटण होतं. ते दाबलं." ते तिच्याकडे पाहत नव्हते. "घरात तुझं कारखान्याचं चाललंय. तू जाणार की राहणार, मला कुठे ठाऊक आहे? मग 'नाही झालं' असं कसं सांगू? खोटं झालं असतं ते."

सून त्यांच्या समोर येऊन बसली.

"आणि खरं सांगू?" आप्पा म्हणाले. "बरं वाटायचं. तुझ्या सासूबाई गेल्यापासून दुपारी मला कोणी काही विचारत नाही. हा नेमाने विचारायचा, दुकान उघडं आहे का म्हणून. मी जेवायचं आटपून वाट बघायचो."

सुनेचा राग होताच, पण त्याला आता धरायला जागा राहिली नव्हती. तिने शटर पूर्ण वर ढकललं. दुपारचं ऊन थेट टेबलापर्यंत आत आलं.

"खोटं बोला असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "उद्यापासून दुपारी शटर खाली येणार नाही. तुम्ही आधी जेवा, मग मी जाईन. मग त्याने कितीही वेळा विचारलं तरी खरं तेच सांगा."

"आणि तू? राहणार ना तू?"

तिने बोटांवर एक तारखेपर्यंतचे दिवस मोजले. आप्पांनी आपल्या अंगावरचा तेलकट एप्रन काढला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला. "जा तू कारखान्यात," ते म्हणाले. "माझ्या चुकीपायी तू अडकू नकोस."

पुढचे दोन दिवस दुकान दुपारीही उघडं राहिलं, पण नकाशावर लाल अक्षरं तशीच होती. 'आपल्या अर्जाची तपासणी सुरू आहे', एवढंच उत्तर. आप्पा स्टुलावर बसत, पण एप्रन घालत नव्हते आणि कशाला हात लावत नव्हते. एक तारीख उजाडली. मॅनेजर बारा वाजता फोन करणार होता. सकाळपासून कोणी आलं नाही. सुनेने आधीच स्वच्छ असलेले पेचकस पुन्हा पुसून ओळीने लावले.

साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी चाकांचा आवाज आला. एक बाई बाळाची ढकलगाडी ढकलत येत होती, आणि गाडीत बाळाच्या जागी शालीत गुंडाळलेलं शिलाई मशीन होतं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती पाटीखाली थांबली, पाटी वाचली, दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उघडं आहे? खरंच उघडं आहे?"

"या," सून म्हणाली. "बंद आहे हे वाचूनही आलात?"

"वाचलं ना. कायमचं बंद. पण मी शोधलं होतं, 'जाड कापडावर टाके सोडतं'. अगदी हेच, याच शब्दांत तुमच्याकडे लिहिलेलं होतं. खाली लिहिलं होतं, सुई बदलून पाहा, तरी नाही झालं तर घेऊन या. सुई बदलली, नाही झालं. म्हटलं, जाऊन तर बघू. मागे कोणी राहिलं असेल तर निदान विचारता तरी येईल." तिने स्टुलावरच्या आप्पांकडे पाहिलं आणि जरा ओशाळली. "खरं सांगते, मला वाटलं, म्हातारे दुकानदार गेले असतील."

"गेलो नव्हतो," आप्पा म्हणाले. "जेवत होतो."

बाईला काही कळलं नाही. सुनेला मात्र हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने मशीन उचलून टेबलावर ठेवलं. मशीन जुनं होतं, वजनदार, आणि फार प्रेमाने वापरलेलं. बाई सांगत होती की ती पिशव्या शिवते, जाड कॅनव्हासच्या, चाळीस पिशव्या शनिवारपर्यंत द्यायच्यात, आणि घरचे म्हणाले हे आता ठेवून द्या शोभेला.

सुनेने कापडाची चौपदरी घडी सुईखाली घातली आणि मशीन चालवलं. टाके सुटले. तिने पुन्हा चालवलं, सावकाश, आणि वळून आप्पांकडे पाहिलं.

"ऐकू येतंय का काही?"

"मला कशाला विचारतेस?"

"मग कोणाला विचारू? आप्पा, माझे कान अकरा वर्षांचे आहेत, तुमचे चाळीस वर्षांचे. ऐका."

आप्पा बसून राहिले. तिने मशीन तिसऱ्यांदा चालवलं. त्यांचे डोळे आपोआप मिटले, मान कलली. "सुईची दांडी घसरलीय," ते म्हणाले. "केसभर. सुई खाली जाताना शटलला निसटती घासतेय. स्क्रू सैल कर, केसभर वर घे." आणि मग त्यांनी खण उघडला, एप्रन काढला आणि अंगात घातला.

सुनेने स्क्रू सैल केला. तेवढ्यात फोन वाजला. बारा वाजले होते.

"मग काय ठरलं?" मॅनेजर खुशीत होता. "सोमवारपासून येताय ना?"

"नाही साहेब. मी येत नाही."

"अहो, विचार करा. दुकान तर तुमचं बंद झालंय. मी आत्ताच पाहिलं, नकाशावर कायमचं बंद दाखवतंय. मग तिथे बसून करणार काय?"

सुनेने टेबलाकडे पाहिलं. एक मशीन होतं. एकच. नकाशा कधी सुधारेल हे माहीत नव्हतं, उद्या कोणी येईल का हेही माहीत नव्हतं. पण एक बाई लाल अक्षरं वाचून, ती ओलांडून, ढकलगाडीत मशीन घालून आली होती. तशा आणखी किती जणी ती अक्षरं वाचून अर्ध्या वाटेतून परत गेल्या असतील, ते आता सुनेला दिसत होतं. त्या तिथेच होत्या. त्यांच्यापर्यंत आपला आवाज पोचवायचा होता, आणि हे काम कारखान्याच्या रांगेत उभं राहून होणार नव्हतं.

"नकाशाला ते मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "ज्या दिवशी मी सांगेन त्या दिवशी ते बंद. ठेवते, गिऱ्हाईक बसलंय."

फोन ठेवून ती पुन्हा मशीनवर वाकली. आप्पांनी दिवा सुईच्या दांडीजवळ ओढून धरला. बाईने शाल घडी करून गाडीत ठेवली आणि किती वेळ लागेल ते विचारलं. अर्धा तास, सून म्हणाली.

"सूनबाई," आप्पांनी हळूच विचारलं, "नकाशाने मला परत विचारलं, कायमचं बंद का म्हणून, तर काय सांगू?"

"त्याला म्हणावं, सुनेला विचार." तिने दांडी केसभर वर घेतली आणि स्क्रू आवळायला लागली.